लॉगिन होतंय पण कुकी बसत नाहीये

लोकलला सगळं मस्त चालतंय, सर्व्हरवर टाकलं की लॉगिन २०० (यशस्वी) देतं आणि पुढच्याच रिक्वेस्टला ४०१ (लॉगिन केलेलं नाही). एक्स्प्रेस (नोडचं वेब फ्रेमवर्क) आहे, पुढे एनजिनेक्स (रिक्वेस्ट आधी घेऊन आत पाठवणारा प्रॉक्सी), आणि तिथे सेशन कुकीला (लॉगिन लक्षात ठेवणारी) सिक्युअर ट्रू केलंय, म्हणजे ती फक्त एचटीटीपीएसवरच जाते. दोन दिवस डोकं फुटायची वेळ आलीये, कुणी सांगेल का?

— आधी ब्राउझरच्या डेव्हटूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये लॉगिनच्या रिस्पॉन्सला सेट-कुकी हेडर (ब्राउझरला कुकी ठेवायला सांगणारा) येतोय का ते बघ. येत असेल तर ब्राउझर नाकारतोय, नसेल तर घोळ सर्व्हरकडेच.

— हेडरच नाहीये!

— मग प्रॉक्सीच. एचटीटीपीएस एनजिनेक्सपाशीच संपतं, आत साधं एचटीटीपी जातं, त्यामुळे एक्स्प्रेसला कनेक्शन सुरक्षित वाटतच नाही आणि सेशन मिडलवेअर गुपचूप कुकी पाठवत नाही, एरर पण नाही (हा प्रकार फारच वैताग आहे). एक्स्प्रेसमध्ये ट्रस्ट प्रॉक्सी १ कर (पुढच्या एका प्रॉक्सीवर विश्वास ठेव), आणि एनजिनेक्समधून एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हेडर पाठव, तो मूळ कनेक्शन एचटीटीपीएस होतं हे सांगतो. सिक्युअर फॉल्स करून वेळ मारून नेऊ नकोस.

— फ्रंटएंड वेगळ्याच डोमेनवर असेल तर कुकीला सेमसाइट नन (दुसऱ्या साइटवरूनही कुकी जाऊ दे) पण लागेल, सिक्युअरसकट. फेचमध्ये (ब्राउझरमधून रिक्वेस्ट पाठवताना) क्रेडेन्शियल्स इन्क्लूड हवं, म्हणजे कुकी सोबत जाते, आणि कॉर्समध्ये (कुठल्या डोमेनला परवानगी ते सर्व्हर सांगतो) ओरिजिनला स्टार, म्हणजे 'कुणीही', चालत नाही, नेमका पत्ता द्यावा लागतो.

— चाललं!! प्रोटोचा हेडरच राहिला होता.