श्वान ‘घुटमळले’ म्हणजे नेमके काय झाले?

विचारणा
घरफोडीच्या बातमीत हे वाक्य हमखास असते : ‘श्वानपथकाला पाचारण करण्यात आले, परंतु श्वान मुख्य रस्त्यापर्यंत जाऊन घुटमळले.’ इथे घुटमळणे म्हणजे वाट चुकणे, थकणे की वास संपणे? आणि हुंगणे, वास घेणे, माग काढणे यांत फरक करावा का?

प्रतिसाद 1
घुटमळणे म्हणजे एकाच जागेभोवती रेंगाळत राहणे, पाऊल पुढेही न पडणे आणि मागेही न फिरणे. माणूस दाराशी घुटमळतो, शब्द ओठांवर घुटमळतो. थकणे किंवा हरणे या अर्थात बसत नाही. बातमीत मात्र तो ‘काही हाती लागले नाही’ याचा सभ्य पर्याय होऊन बसला आहे.

माग हा शब्द संस्कृत ‘मार्ग’, प्राकृत ‘मग्ग’ या वाटेने आला. म्हणजे माग ही गेलेल्याची वाट, वास नव्हे. म्हणून पाऊलखुणांवरूनही माग काढता येतो.

प्रतिसाद 2
माग काढणाऱ्या कुत्र्याकडे नीट पाहिले तर तीन टप्पे दिसतात. आधी तो भराभर फिरून वाट शोधतो. वाट सापडली की वेग एकदम उतरतो आणि चार-पाच पावलांचे ठसे हुंगून माणूस कुठल्या दिशेला गेला ते ठरवतो. नवे पाऊल जुन्यापेक्षा किंचित ताजे असते, त्या फरकावर हा निर्णय होतो. मग तो सरळ निघतो. मधला टप्पा पाहणाऱ्याला घुटमळण्यासारखाच दिसतो, पण काम तेव्हाच चाललेले असते. नवखा हँडलर, म्हणजे कुत्रा हाताळणारा पोलीस, नेमका इथे दोर ओढतो आणि घोटाळा करतो.

बातमीतले घुटमळणे बहुधा निराळे. वाट सुटली की कुत्रा दोन-चार मीटर पुढे जातो, मान वर करतो, परततो. अशा वेळी लांब दोर सैल सोडून त्याला त्या जागेभोवती गोल फिरू द्यावे. वळण चुकले असेल तर वाट पुन्हा मिळते. फेरी पुरी होऊनही मिळाली नाही, तर बरेचदा माणूस तिथून वाहनात बसलेला असतो. म्हणजे घुटमळण्याची जागा हीच माहिती : चाकांचे ठसे आणि जवळचे कॅमेरे तिथून पाहायचे. बातमीदार ती निराशेच्या सुरात देतात, हे खटकते.

दुसरे कारण जमीन. ओलसर माती आणि गवत वास धरून ठेवतात; दुपारचे तापलेले डांबर तो लवकर सोडते, वर रहदारी. तिसरे कारण गर्दी. चोराने टाकलेला रुमाल दहाजणांनी हाताळला असेल तर कुत्र्याने कोणाचा वास धरायचा? त्यावर एक तोड अशी : हाताळणारे सगळे समोर उभे करायचे. कुत्रा त्यांना वगळतो आणि जो वास समोर नाही त्याच्यामागे निघतो.

प्रतिसाद 3
आता हुंगणे. ‘वास येणे’ आपोआप घडते, ‘वास घेणे’ आपण करतो. हुंगण्यात नाक वस्तूला भिडवून छोटे-छोटे श्वास ओढण्याची क्रिया आहे. कुत्रा सेकंदाला पाच-सहा वेळा असे ओढतो. बाहेर पडणारी हवा नाकपुडीच्या बाजूच्या फटीतून मागे जाते, त्यामुळे समोरचा वास उडून जात नाही. वास ओळखण्याची चालू जनुके माणसात सुमारे 400, कुत्र्यात सुमारे 800. धापा टाकताना हवा बरीचशी तोंडातून जाते आणि हुंगणे बाजूला पडते. म्हणून उन्हात आधी पाणी आणि सावली, मग काम.

‘श्वानाने वास घेतला’ यापेक्षा ‘हुंगले’ नेमके आहे. कुत्र्याला श्वान म्हटले की क्रियापदही सोवळे हवे, असे लेखकांना का वाटते कोण जाणे.

प्रतिसाद 4
एक भर. ‘घाण’ हा आपला शब्द संस्कृत ‘घ्राण’पासून, म्हणजे मुळात वास, वास घेणे. पाली भाषेत ‘घान’ म्हणजे नाकच. मराठीत अर्थ घसरत दुर्गंधीवर आणि तिथून केरकचऱ्यावर आला. कुत्र्याला ‘घाण हुंगू नको’ म्हणून खेचतो तेव्हा आपण एकच शब्द दोन टोकांनी वापरत असतो. खांबावरच्या मुतात त्याला कोण येऊन गेले, नर की मादी, मादी माजावर आहे का, एवढे कळते.

विचारणा करणाऱ्याकडून
आभार. मग स्फोटके शोधणाऱ्या कुत्र्याला ‘माग काढणारा’ म्हणावे का? 1993 च्या मुंबईतल्या स्फोटांच्या वेळचा पोलिसांचा कुत्रा जंजीर?

प्रतिसाद 2
नाही. तो लॅब्रेडॉर शोधक, मागावरचा नव्हे. तिथे ठरावीक वास हुडकायचा असतो, कोणाची वाट धरायची नसते. वास सापडला की त्याने उकरायचे नाही, भुंकायचे नाही, गुपचूप बसायचे. त्याला ‘घुटमळले’ म्हणाल तर अनर्थ. तिथे ‘बसले’ हाच इशारा.

प्रतिसाद 1
आणि बातमीत ‘माग रस्त्यावर तुटला’ असे लिहावे. जाता जाता : हँडलरला कुठे कुठे ‘श्वान हस्तक’ म्हणतात. एरवी हस्तक गुन्हेगाराचा असतो, इथे तो पोलिसांत भरती झाला आहे.