टुडे, पार्लमेंट आणि घोडे

बीबीसी रेडिओ ४ च्या 'टुडे' या सकाळच्या गंभीर बातम्यांच्या कार्यक्रमात घोड्यांच्या शर्यतीच्या टिप्स कशाला, असं कुणी विचारेल, पण त्याचा स्वभावच तसा खिचडी आहे. १९५७ ला सुरू झाला तेव्हा तो हलकाफुलकाच होता, त्याचा सुरुवातीच्या काळातला निवेदक जॅक डी मॅनियो तर वेळ चुकीची सांगण्यासाठीच फेमस, आणि मग हळूहळू राजकारण आत आलं नि सकाळी आठ वाजून दहा मिनिटांची मुलाखत म्हणजे मंत्र्यांची तोंडी परीक्षाच झाली. निवेदक जॉन हम्फ्रीज १९८७ पासून २०१९ पर्यंत तेच करत होते, मधेमधे जरा जास्तच तोडायचे माणसाला असं माझं मत. रेसिंगच्या टिप्स स्पोर्ट्सच्या स्लॉटमध्ये असायच्या, मिनिटभराचं काम, त्यातही बऱ्याच घोड्यांनी माती खाल्लेली! तिकडे ब्रिटनमध्ये बुकी लोक ग्रँड नॅशनल या घोड्यांच्या शर्यतीवर भाव देतात तसेच पुढचा पंतप्रधान कोण यावरही देतात, आणि २०२४ मध्ये तर निवडणुकीच्या तारखेवरच पैसे लावल्याबद्दल काही राजकारण्यांची चौकशी झाली, म्हणजे घोडे आणि पार्लमेंट एकाच बुलेटिनमध्ये आले तर त्यात विचित्र काय? मला तर सात पंचेचाळीसच्या सुमाराचा तो धार्मिक चिंतनाचा तुकडाच जास्त ऑड वाटतो.