चेन ताणल्यापासून मागचं चाक जड फिरतंय, हबही तापतोय – मदत हवी आहे

नमस्कार. माझ्याकडे १२५ सीसीची मोटरसायकल आहे. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. आधी दादा चालवायचा, गेलं वर्षभर मी चालवतेय. एकूण ३१ हजार किमी झालेत. आजवर सर्व्हिसिंगला टाकायची आणि संध्याकाळी घेऊन यायची, एवढाच माझा गाडीशी संबंध. पण रोज आईला मागे बसवून नेते, तेव्हा चेन, ब्रेक आणि हवा एवढं तरी आपलं आपल्याला बघता आलं पाहिजे, असं ठरवलं आणि रविवारी पाने घेऊन बसले.

चेन खूप लोंबत होती. खड्ड्यातून गाडी गेली की कव्हरवर आपटून खडखड व्हायची. मेन स्टँडवर लावून मागच्या एक्सलचा नट सैल केला, दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवले, स्विंग आर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या) खुणा जुळवल्या आणि नट पुन्हा आवळला. चेन छान ताठ झाली. बोटाने वर-खाली केली तर जेमतेम १० मिमी हलत होती.

सोमवारी १२ किमी गेले. खडखड थांबली, पण उतारावर क्लच दाबला तरी गाडी पुढे पळेना. थांबून मागच्या हबजवळ (चाकाच्या मधल्या भागाजवळ) हात नेला तर लांबूनच धग लागली. एका विशिष्ट वेगाला घूंऽऽ असा बारीक आवाजही येतोय, तो आधी नव्हता. घरी येऊन चाक हाताने फिरवलं तर जड फिरतंय. आणखी एक विचित्र गोष्ट म्हणजे चेन एका जागी ताठ असते, चाक थोडं पुढे फिरवलं की तीच चेन ३० मिमीपर्यंत ढिली पडते.

बेअरिंग गेलं असेल का? की माझंच काही चुकलंय? आईला मागे बसवायचं म्हणून जास्त काळजी वाटतेय. आणि रोज किंवा आठवड्याला नेमकं काय काय तपासायचं, तेही कुणी सांगितलं तर फार बरं होईल.

प्रतिसाद १

चेन थोडी घट्टच बरी. ढिली चेन चालत्या गाडीत उतरते. इंजिनातून काढलेलं जुनं ऑइल चेनवर सोडा, आवाज जाईल.

प्रतिसाद २

ताई, अजून चालवू नका. चाक मागे ओढलंत तेव्हा मागच्या ब्रेकचा रॉड सैल केला होता का?

धागाकर्ती

नाही, ब्रेकला हातही लावला नाही. चेनचा आणि ब्रेकचा काय संबंध?

प्रतिसाद ३

तीस वर्षं गॅरेजमध्ये काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

संबंध आहे, आणि तुमचा हब त्यामुळेच तापतोय असं मला वाटतं. ब्रेकचं पेडल चॅसिसला बसवलेलं असतं, ते जागचं हलत नाही. ड्रमचा पत्रा आणि त्यावरची ब्रेकची दांडी मात्र चाकाबरोबर मागे सरकते. या दोघांना जोडणारा रॉड तेवढ्याच लांबीचा राहिला. म्हणजे तुम्ही चाक जितकं मागे नेलंत, तितका ब्रेक आपोआप ओढला गेला. पेडलवर पाय नसतानाही शू (ड्रमच्या आत घासून ब्रेक लावणारे तुकडे) ड्रमला घासताहेत. असंच चालवत राहिलात तर शूवरचे लायनर जळून गुळगुळीत होतात आणि ज्या वेळी खरंच ब्रेक लागायला हवा त्या वेळी लागत नाही.

रॉडच्या मागच्या टोकाला नट असतो. तो सैल करत जा. चाक हाताने मोकळं फिरलं पाहिजे आणि पेडल साधारण २० ते ३० मिमी दाबल्यावर ब्रेक धरायला लागला पाहिजे. ब्रेक पूर्ण दाबला असताना ड्रमवरचा बाण शेवटच्या खुणेपाशी पोचत असेल तर शू संपलेत, तिथे नट फिरवून भागणार नाही. गरम ड्रमवर पाणी मात्र ओतू नका, आपोआप थंड होऊ द्या.

आता चेन. पहिल्या प्रतिसादातला सल्ला ऐकू नका. ढिली चेन उतरू शकते हे खरं, पण ताठ चेन आतून नुकसान करते आणि ते लवकर दिसत नाही. तुम्ही मेन स्टँडवर मोजता तेव्हा मागचं चाक खाली लोंबलेलं असतं. आईसह तुम्ही बसलात, वर खड्डा आला, की चाक वर उचललं जातं. पुढचा स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक), स्विंग आर्मचा बोल्ट आणि मागचा एक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेनला सर्वांत जास्त लांबी लागते. स्टँडवर १० मिमीच सूट (चेनचा ढिलेपणा) असेल तर त्या क्षणी ती शून्यावर येते आणि सगळा ओढा गिअरबॉक्सच्या शाफ्टवर, त्याच्या बेअरिंगवर आणि ऑइल सीलवर पडतो. तुमचा घूं आवाज बहुतेक याचाच आहे. रोजच्या वापराच्या बऱ्याच गाड्यांना २० ते ३० मिमी सूट सांगितलेली असते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा, आणि तो साइड स्टँडवर मोजायचा की मेन स्टँडवर, हे पुस्तिकेत असेल. स्विंग आर्मवर स्टिकरही असतो.

चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून एका जागी मोजून थांबू नये. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा आणि जिथे सर्वांत ताठ असेल तिथे सूट आकड्यात बसवा. पण तुमच्याकडे २० मिमीचा फरक आहे, तो मला जास्त वाटतो. खडूने चेनच्या एका कडीवर आणि मागच्या स्प्रॉकेटच्या एका दातावर खूण करा. दर वेळी चेनवरची खूण तिथे आली की ताठपणा येत असेल तर दोष चेनमध्ये. प्रत्येक फेऱ्याला स्प्रॉकेटची खूण त्याच जागी आली की येत असेल तर स्प्रॉकेट किंवा हब तिरका.

जुनं इंजिन ऑइल चेनला लावू नका. त्यात धातूचा कीस असतो, आणि ते उडून टायरवर जातं. रॉकेल आणि मऊ ब्रशने पुसून, सुकवून, चेनचं ल्युब आतल्या बाजूने लावा. फेरी मारून आल्यावर चेन कोमट असताना लावलं तर आत चांगलं शिरतं. आणि हे मोठ्या अक्षरात समजा: चेन साफ करताना इंजिन बंद. गिअर टाकून चाक फिरत ठेवायचं आणि फडकं धरायचं, यात बोटं गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

प्रतिसाद २

काकांनी सगळं सांगितलंय, एक राहिलं. ब्रेकच्या पत्र्यापासून स्विंग आर्मपर्यंत एक पट्टी असते. चाक सरकवताना काही जण तिचा नट सैल करतात. तो आवळायचा राहिला आणि पट्टी सुटली तर ब्रेक मारल्यावर अख्खा पत्रा चाकाबरोबर फिरतो आणि चाक जाम होतं. तुम्ही हात लावला नसला तरी एकदा पाना लावून बघा. एक्सल नटला स्प्लिट पिन असेल तर जुनी वाकवून पुन्हा घालू नका, नवी घाला.

धागाकर्ती

काका, अगदी तेच निघालं. रॉडचा नट सात-आठ फेरे सैल केल्यावर चाक मोकळं फिरायला लागलं. पेडलला २५ मिमी प्ले (ब्रेक धरेपर्यंतची मोकळी हालचाल) ठेवलाय. बाण खुणेच्या बराच अलीकडे आहे. पट्टीचा नट घट्ट आहे.

खडूचा प्रयोगही केला. ताठपणा चेनच्या खुणेबरोबरच येतोय. शिवाय मागच्या स्प्रॉकेटवर चेन बोटाने मागे ओढली तर ती दातांपासून निम्म्यापर्यंत सुटते. हे चालतं का?

प्रतिसाद ३

नाही चालत. तरी मोजून खात्री करा. चेनच्या पट्टीवर ४२८ लिहिलंय का बघा. १२५ सीसीला बहुधा तीच असते. खालची बाजू ताणून धरा आणि एका पिनच्या मध्यापासून २१ व्या पिनच्या मध्यापर्यंत मोजा. ही २० कड्यांची लांबी. एक कडी १२.७ मिमी, म्हणजे नव्या चेनमध्ये २५४ मिमी भरतात. २५९ च्या पुढे गेली की चेन संपली, मग ॲडजस्टर कितीही फिरवा. दोन-तीन ठिकाणी मोजा. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकून टोकदार झालेत का तेही पाहा.

बदलायची झाली तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदम बदला. जुन्या दातांवर नवी चेन टाकली तर ती फार लवकर ताणते.

प्रतिसाद ४

आठवड्याला काय बघायचं ते विचारलं होतंत. अमेरिकेतल्या मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशनची 'टी-क्लॉक्स' नावाची यादी आहे: टायर, कंट्रोल, दिवे, ऑइल, चॅसिस, स्टँड या क्रमाने. क्रम पाठ झाला की पाच मिनिटांत होतं. माझ्या मते त्यातल्या टायरला निम्मा वेळ द्यावा, कारण बाकी बरंच काही चालताना आवाज करून सांगतं, हवा कमी झालेली मात्र वळणावर कळते.

हवा टायर थंड असतानाच मोजा. चालून गरम झाल्यावर आकडा वर गेलेला असतो आणि तुम्हाला वाटतं, पुरेशी आहे. आई मागे असते म्हणजे पुस्तिकेतला दोघांसाठीचा आकडा धरायचा, मागच्या टायरला तो एकट्याच्या आकड्यापेक्षा जास्त असतो. टायरच्या कडेवर छोटा त्रिकोण असतो, त्याच्या सरळ रेषेत नक्षीच्या खाचेत एक उंचवटा सापडेल. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली की टायर बदलायचा. नक्षी शिल्लक असली तरी वय बघा: कडेवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला. दादाने टायर कधी बदलले होते, विचारून घ्या.

दिवे बघताना पुढचा ब्रेक आणि मागचा ब्रेक वेगवेगळा दाबून ब्रेक लाइट तपासा. दोघांचे स्विच वेगळे असतात, आणि एक बंद पडलेला बरेच दिवस लक्षात येत नाही. हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे वळवून बघा, कुठली केबल ताणत नाही ना, आणि ॲक्सिलरेटर सोडला की झटकन मागे येतो ना. बाकी ऑइल, क्लचचा प्ले, स्टँडची स्प्रिंग, एवढं नजरेखालून घातलं की झालं.

धागाकर्ती

टायर मागचा २०१७ चा निघाला! नक्षी चांगली दिसत होती म्हणून मी कधी विचारही केला नव्हता. जवळून बघितलं तर खाचांमध्ये बारीक भेगा आहेत. बदलतेय.

चेन तीन ठिकाणी मोजली: २५८, २६०, २६१. बदलतेय.

अजून एक. पुढच्या ब्रेकच्या डबीतलं ऑइल खालच्या रेषेजवळ आलंय. वर भरून टाकू का?

प्रतिसाद ३

आधी पॅड बघा. पॅड झिजले की कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन बाहेर येतो आणि तेवढं ऑइल खाली उतरतं. अशा वेळी वरून भरलंत तर नवे पॅड बसवताना पिस्टन आत ढकलला की ते डबीतून बाहेर येईल, आणि रंगावर सांडलं तर रंग उकलतो. पॅडवरची खाच मिटत आली असेल तर पॅड बदला, पातळी आपोआप वर येईल. पॅड चांगले असूनही ऑइल कमी होत असेल तर कुठेतरी गळतंय, मग गाडी उभी ठेवा.

ऑइल शेवटचं कधी बदललं ते माहीत नसेल तर बदलूनच घ्या. डॉट ३ आणि डॉट ४ या ग्रेडचं ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. कोरडं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल शिरली की ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. लांब उतारावर ते आत उकळलं तर लिव्हर पोकळ लागतो. साधारण दोन वर्षांनी बदलावं. झाकणावर जो ग्रेड लिहिलाय तोच, आणि सीलबंद डब्यातला. हे काम पहिल्या वेळी कुणा जाणत्याच्या समोर करा.

धागाकर्ती

चेन, दोन्ही स्प्रॉकेट, मागचा टायर आणि पुढचे पॅड झाले. ब्रेक ऑइल मेकॅनिककडून बदलून घेतलं, शेजारी उभी राहून बघितलं. पॅड बसवल्यावर गाडी हलवण्याआधी लिव्हर घट्ट होईपर्यंत दाबायचा, हे त्यांनी सांगितलं. चेनच्या लॉकची बंद बाजू चेन ज्या दिशेने धावते तिकडे आहे ना, तेही मी बघून घेतलं.

काल एकटीच १५ किमी फिरून आले. हब जेमतेम कोमट होता. घूं आवाज अजिबात नाही, म्हणजे शाफ्टचं बेअरिंग वाचलं असावं. चेनला सर्वांत ताठ जागी २५ मिमी सूट आहे, सगळीकडे फरक दोन-तीन मिमीचाच. काका, नवी चेन बसल्यावर पुन्हा कधी मोजू?

प्रतिसाद ३

पहिल्या ३०० ते ५०० किमीत एकदा मोजा, नवी चेन सुरुवातीला थोडी बसते. आणि या वेळी चाक मागे ओढलंत की रॉडचा नट.