मदत हवी आहे: थंडरबर्ड 350 चं चेनकिट बदलतोय, पुढचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) 17 दातांचंच ठेवू की 18 चं टाकू?

मंडळी, गाडी रॉयल एनफिल्ड थंडरबर्ड 350, 2014 ची, पहिल्यापासून माझ्याकडेच. 61 हजार किलोमीटर झालेत. राहतो मुलुंडला, ऑफिस लोअर परळला. आठवड्यातून तीन दिवस गाडीने जातो, बाकी दिवस लोकल. गाव चिपळूणजवळ. वर्षाला चार-पाच फेऱ्या होतात, मागे बायको आणि दोन्ही बाजूंना बॅगा.

गेल्या रविवारी चेन साफ करायला घेतली आणि पुढचं कव्हर उघडलं, तर स्प्रॉकेटचे दात विळ्यासारखे एका अंगाला वाकलेले. मागे चेन बोटाने ओढली तर अर्धा दात उघडा पडतो. म्हणजे किट संपलंय, चेनसकट सगळं बदलणं आलं. दात मोजले: पुढे 17, मागे 38. गॅरेजवाले काका म्हणाले, "बदलतोयसच तर पुढे अठरा टाक, हायवेला इंजिन शांत चालेल. आणि मनात असेल तर बोअरही मोठा करून देतो." (बोअर म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास.) तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय.

मला वेग वाढवायचा नाही. गोवा हायवेवर चौपदरी मोकळा पट्टा लागला की 85-90 ला स्थिर चालवायची असते. त्या वेळी पाचव्या गिअरमध्ये आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांचा) काटा साडेतीन हजारांच्या आसपास असतो आणि फूटरेस्टवर मुंग्या येतात. माणगाव मागे पडलं की बायको पाय बदलायला लागते. ती तोंडाने काही बोलत नाही, पण महाडला उतरल्यावर दोन मिनिटं पाय झाडत उभी असते. ते बघवत नाही.

कागदावर हिशेब केला. मागचं चाक एकदा फिरायला पुढचं स्प्रॉकेट किती वेळा फिरतं, तर 38 भागिले 17 म्हणजे 2.24, आणि 38 भागिले 18 म्हणजे 2.11. त्याच वेगाला आरपीएम साधारण साडेपाच टक्के कमी. म्हणजे साडेतीन हजारांचे तेहतीसशे, फरक जेमतेम दोनशेचा. या दोनशेने मुंग्या खरंच जातात का, हे चालवलेल्या माणसाकडूनच ऐकायचंय. या जुन्या इंजिनात बॅलन्सर शाफ्ट (थरथर मारणारा दांडा) नाही, 90 मिमीचा लांब स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) आहे, थोडी थरथर राहणारच हे मान्य आहे. (रॉयल एनफिल्डच्याच मीटिअरच्या नव्या इंजिनात बॅलन्सर दिलाय. एकदा चालवून बघितली आणि फरक लगेच कळला. पण ही गाडी विकायची नाही.)

दुसरी बाजू अशी की चाकापर्यंत पोचणारी ओढही तेवढीच कमी होणार. गाडीचं वजन 192 किलो, त्यात आम्ही दोघं आणि सामान धरलं की साडेतीनशेच्या घरात जातं. इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) 28 न्यूटन मीटर, तोही 4000 आरपीएमला. कशेडीला आता बोगदा झाला, पण परशुराम घाट आहेच. पुण्याला जायचं तर एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी, म्हणजे जुन्या हायवेने खंडाळ्याचा घाट चढावा लागतो. गेल्या दिवाळीत तिथे ट्रकमागे अडकलो, तिसऱ्यात गाडी ठक-ठक करायला लागली म्हणून दुसरा टाकला. हे 17 वर. 18 वर अख्खा घाट दुसऱ्यातच चढावा लागेल का?

आणि रोजचा रस्ता. एल्फिन्स्टनचा पूल बंद झाल्यापासून टिळक पुलावर संध्याकाळी चालण्याच्या वेगाने गाडी सरकवायची. आत्ताच पहिल्या गिअरमध्ये सारखा हाफ क्लच धरावा लागतो. 18 ने पहिला गिअर आणखी लांब झाला, म्हणजे त्याच आरपीएमला गाडी जास्त वेगाने पळू लागली, तर क्लचप्लेट किती दिवस टिकतील, ही खरी धास्ती आहे.

बोअर वाढवण्याच्या मी विरोधातच आहे. आरसीवर 346 सीसी लिहिलंय. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही, आणि उद्या अपघात झाला तर विमावाले पहिलं बोट त्यावरच ठेवतील. शिवाय सायनच्या सिग्नलला मे महिन्यात हे एअरकूल्ड इंजिन आत्ताच मांड्या भाजतं. तरीही 350 वर कुणी हे काम करून चार-पाच वर्षं वापरलं असेल तर गिअरबॉक्स आणि क्लचचं पुढे काय झालं ते जरूर सांगा. फ्री-फ्लो (मोठ्या आवाजाचा) सायलेन्सर नको. सोसायटीत पहाटे साडेपाचला गाडी काढतो.

अजून एक गोष्ट सापडली. मागचं चाक धरून नुसतं स्प्रॉकेट हाताने पुढे-मागे केलं तर चांगलंच हलतं. हबमधले (चाकाच्या मध्यभागातले) झटके शोषणारे रबर गेलेत बहुतेक. इंजिन माउंटिंगचे बोल्टही कधी आवळलेले आठवत नाहीत. कदाचित निम्मी थरथर तिथूनच येत असेल. मग आधी रबर बदलून, बोल्ट आवळून, 17 च्याच किटवर एक चिपळूण फेरी मारावी का? पण किट एकदा बसलं की पुन्हा नवं स्प्रॉकेट, पुन्हा मजुरी.

एक विचार असाही आहे की पुढची दोन्ही स्प्रॉकेट घेऊन ठेवायची, शहरात 17 आणि गावाला जाताना 18. एका दाताने फरक पडतो तो चेन ॲडजस्टरमध्ये बसेल असं वाटतं. पण एकच चेन दोन स्प्रॉकेटवर आलटूनपालटून चालवली तर ती लवकर खराब होते का? मागे 36 टाकून पुढे 17 ठेवलं तरी हिशेब जवळजवळ तोच येतो (2.12). या गाडीला 36 चं कुणी बसवलंय का, आणि मुंबईत कुठे मिळालं? कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शनिवारी जाणार आहे, त्याआधी कळलं तर बरं.

ज्यांनी मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये 350 वर 18 चं वापरलंय त्यांचा अनुभव सगळ्यात मोलाचा. मागे माणूस बसवून घाट चढला असाल तर तेही लिहा, आणि कोणत्या गिअरमध्ये चढलात तेही. आगाऊ धन्यवाद.