मदत हवी आहे : डेल्फीच्या अवशेषांवरचे कास्त्री गाव

नमस्कार मंडळी. अथेन्सहून बसने डेल्फीला, म्हणजे ग्रीक देव अपोलोच्या प्राचीन देवस्थानाला गेल्यास आराखोव्हा मागे पडल्यावर अवशेषांच्या पुढे रस्त्यालगत एक छोटे गाव लागते. दोन अरुंद रस्ते, खानावळी आणि खाली थेट इतेआच्या समुद्रापर्यंत पसरलेली ऑलिव्हची झाडी. हे गाव मूळचे इथले नाही. पूर्वी त्याचे नाव कास्त्री असून ते अपोलोच्या मंदिराच्या अवशेषांवरच वसलेले होते, घरांच्या भिंतींतही प्राचीन दगड बसवलेले असत. 1870 च्या भूकंपाने ते उद्ध्वस्त झाले, तरी लोक तिथेच राहिले. पुढे फ्रान्सने उत्खननासाठी 5 लाख फ्रँक मंजूर केले, गाव हलवले गेले आणि 1892 मध्ये उत्खनन सुरू झाले. 1896 मध्ये सापडलेल्या सारथ्याच्या कांस्य पुतळ्याबद्दल हवे तेवढे वाचायला मिळते. उठवलेल्या माणसांबद्दल मात्र जेमतेम दोन ओळी.

मी याच विस्थापितांवर लेख लिहीत आहे. घरांची भरपाई कशी ठरली आणि नव्या जागेचे भूखंड कसे वाटले गेले, याविषयी फ्रेंच किंवा ग्रीक जाणणाऱ्या कुणी वाचले असल्यास कृपया सांगावे. जुन्या कास्त्रीची छायाचित्रे कुठे पाहता येतील, हेही कळवल्यास आभारी राहीन.