सोसायटीच्या फळ्यावर पुण्यतिथी लिहायची की नाही?

नौपाडेकर
आमच्या गेटपाशी पाणी बंद, लिफ्ट बंद असल्या सूचनांसाठी एक काळा फळा आहे. त्याच्या वरच्या कोपऱ्यात मी गेली चार वर्षं सकाळी दूध आणायला उतरलो की खडूने 'आजचं स्मरण' लिहितो. २३ जानेवारीला नेताजींची जयंती लिहिली आणि खाली राम गणेश गडकरींची पुण्यतिथी, तर कमिटीतल्या एका काकांनी खालची ओळ पुसून टाकली, म्हणे पोरं शाळेत निघतात तेव्हा सकाळी सकाळी मरणाचं कशाला, जयंत्याच लिहा. फार लागलं मनाला. ठाण्यात तलावपाळीला रोज त्यांच्या नावाच्या गडकरी रंगायतनवरून जाणारी माणसं आपण. काय करू?

घंटाळीकर
पुसायला नकोच होतं. पण दादा, नुसतं नाव आणि 'पुण्यतिथी' लिहिलं तर त्यातून कुणाला काय कळणार? गडकरी १९१९ ला सावनेरला क्षयाने गेले, वय फक्त ३३, 'एकच प्याला' रंगमंचावर आलेलं त्यांनी बघितलंच नाही आणि 'राजसंन्यास' अर्धंच राहिलं. एवढं लिहा, पोरं घाबरणार नाहीत, बस चुकली तरी उभं राहून वाचतील.

सासष्ट
पुण्यतिथीऐवजी स्मृतिदिन लिहा. तिथी म्हणजे तुकाराम बीज, ती पंचांगाने येते. आपण पाळतो ती तारीख.

उरणकर
आमच्याकडं उलटं आहे बघा. उरणजवळच्या जासईला १६-१७ जानेवारी म्हणजे मरणाचाच दिवस, १९८४ ला नवी मुंबईसाठी घेतलेल्या शेतकऱ्यांच्या जमिनींच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसं गेली, आणि आमच्या घरात त्या दिवसाचं महत्त्व कुठल्याही जयंतीपेक्षा जास्त. बाबा तेव्हा मोर्चात होते, अजून सांगताना मधेच गप्प होतात. नेतृत्व दि. बा. पाटलांचं, पुढं शेतकऱ्यांना घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळायला लागली ती त्या लढ्यामुळं. दिबा २४ जून २०१३ ला गेले. त्यांच्याबद्दल लिहाल तेव्हा त्या पाच जणांचं पण लिहा, दिबांना तेच आवडलं असतं असं मला मनापासून वाटतं.

मानपाडा_ताई
माझी आई नाटकवेडी. डॉ. काशिनाथ घाणेकर २ मार्च १९८६ ला अमरावतीला गेले. आईकडे त्यांच्या प्रयोगाच्या तिकिटाचं अर्धुक अजून आहे, शिवलीलामृताच्या पोथीत ठेवलंय, कागद पिवळा पडलाय, सीट नंबर पुसट झालाय पण रांग वाचता येते. त्यांच्या नावाच्या नाट्यगृहात आम्ही सारखे जातो, पण हा माणूस शिकून दाताचा डॉक्टर होता, 'रायगडाला जेव्हा जाग येते'मधला त्यांचा संभाजी आणि 'अश्रूंची झाली फुले'मधला लाल्या बघायला लोक पुन्हा पुन्हा यायचे, हे माझ्या मुलाला आईकडूनच कळलं. तो लगेच म्हणाला आजी ते तिकीट दाखव. म्हणून म्हणते, लिहाच.

नौपाडेकर
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, २ मार्चला तुमच्या आईच्या तिकिटाचं लिहिलं तर चालेल का, नाव न घालता? उरणकर, त्या पाचही हुतात्म्यांची नावं मला पाठवा, शुद्धलेखन नीट तपासून पाठवा. काकांशी आज संध्याकाळी बोललो. म्हणाले लिहा, पण अक्षर मोठं काढा, मला चष्म्याशिवाय दिसत नाही.