ईपीएस-९५ पेन्शनवाढीची याचिका : मुंबईला द्यावी की दिल्लीला?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. माझे बाबा एका सहकारी साखर कारखान्यातून २०११ साली निवृत्त झाले. ईपीएस-९५ ची (कर्मचारी पेन्शन योजना १९९५) पेन्शन दोन हजारांच्या आत आहे आणि निवृत्तीपासून त्यात एक रुपयाची वाढ नाही. आमच्या गावात आणि आसपास कारखाना, सूतगिरणी, दूध संघ, एसटी इथून निवृत्त झालेले पुष्कळ जण याच अवस्थेत आहेत. मोर्चे झाले, तहसीलदारांना निवेदनं देऊन झाली. आता सह्या गोळा करून विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीकडे अर्ज करायचा असं बाबांच्या मंडळींनी ठरवलंय. त्यातले एक काका म्हणतात, कोश्यारी समितीसारखं (म्हणजे राज्यसभेच्या याचिका समितीसारखं) काम हवं असेल तर दिल्लीलाच गेलं पाहिजे. नेमकं कुठे जावं आणि अर्ज कसा लिहावा? ही सगळी सत्तरीपुढची माणसं आहेत, चुकीच्या दारात त्यांची ताकद वाया जायला नको.

निवृत्त_कक्षाधिकारी
ताई, काकांचं बरोबर आहे. दिल्ली. ईपीएस-९५ ही योजना १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याखाली केंद्र सरकारने केलेली आहे, त्यात राज्याला बदल करता येत नाही. मुंबईचा अर्ज फार तर 'केंद्राकडे शिफारस करावी' इथवर जाईल.

विधिमंडळाच्या समित्या कमी महत्त्वाच्या आहेत असं मात्र समजू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही, पाणीयोजना अर्धवट पडली आहे, मंत्र्यांनी सभागृहात दिलेला शब्द पाळला नाही, या गोष्टी विनंती अर्ज समिती, आश्वासन समिती, पंचायत राज समिती यांच्या कक्षेत येतात. पंचायत राज समितीचा दौरा लागला की जिल्हा परिषदेत लेखापरीक्षणाचे जुने आक्षेप कसे भराभर निकाली निघतात, ते मी नोकरीत असताना पाहिलं आहे. ज्या खात्याची सत्ता, त्याला जाब विचारणाऱ्या सभागृहाकडे जायचं, एवढं लक्षात ठेवा.

वैनगंगा
मी स्वतः ईपीएस-९५ पेन्शनर. राज्यसभेच्या याचिका समितीने २०१३ साली अहवाल दिला, किमान पेन्शन ३,००० रुपये करा म्हणून. सरकारने १ सप्टेंबर २०१४ पासून १,००० केली. आम्ही तो अहवाल अजून फाईलमध्ये जपून ठेवलाय. समितीने सांगून सरकार ऐकत नसेल, तर म्हाताऱ्या माणसांना पुन्हा सह्या करायला का लावायच्या? मनापासून विचारतोय, कुणाला दुखवायचं नाही.

यमुनापार
वैनगंगाकाका, तुमचा प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी दिल्लीत राहतो, समित्यांचे अहवाल वाचणं हा माझ्या कामाचा भाग आहे.

समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. पण समितीपुढे एक गोष्ट घडते जी मोर्चासमोर कधीच घडत नाही. याचिका विचारात घेतली की समिती मंत्रालयाकडून लेखी म्हणणं मागवते, याचिकाकर्त्याला बोलावू शकते आणि खात्याच्या सचिवांना साक्षीला बसवते. वाढ का नाही, पैसा किती लागेल, अडवतंय कोण, याची उत्तरं नोंदीवर येतात. मग अहवाल सभागृहात मांडला जातो आणि शिफारशींचं काय केलं हेही सरकारला कळवावं लागतं.

याच राज्यसभा समितीचं दुसरं उदाहरण घ्या. माजी सैनिकांची 'वन रँक वन पेन्शन'ची मागणी कित्येक वर्षं नुसती मागणी होती. भगतसिंह कोश्यारी (तेच, पुढे आपले राज्यपाल झाले) समितीचे अध्यक्ष असताना डिसेंबर २०११ मध्ये त्यावर अहवाल आला. समान हुद्दा, समान सेवाकाळ, मग निवृत्ती कधीही झालेली असो, पेन्शन समान, ही व्याख्या त्या अहवालात स्पष्ट मांडली गेली. नंतरच्या प्रत्येक वाटाघाटीत माजी सैनिक त्याच व्याख्येवर बोट ठेवत राहिले. नोव्हेंबर २०१५ मध्ये आदेश निघाला. त्यावरही वाद झाले, पण मुळात काय मागितलंय याबद्दल गोंधळ उरला नव्हता.

ईपीएसमध्येही धागा तुटलेला नाही. किमान पेन्शन २,००० करावी असं श्रम मंत्रालयाने २०१८ मध्ये नेमलेल्या उच्चाधिकार समितीने सुचवलं आणि वित्त मंत्रालयाने ते मानलं नाही. ही माहिती लोकांपर्यंत आली ती श्रमविषयक स्थायी समितीच्या २०२२ च्या अहवालातून. त्यात १,००० रुपये अगदीच अपुरे असल्याचं खासदारांनीच म्हटलं आहे. म्हणजे अडलंय कुठे ते आज आपल्याला माहीत आहे. तेव्हा नव्या याचिकेत 'पेन्शन वाढवा' एवढंच म्हणू नका. २०१३ च्या शिफारशीचा आढावा घ्या आणि वित्त मंत्रालयाचीही साक्ष घ्या, अशी मागणी करा.

कृष्णाकाठ
दादा, फार मोलाचं लिहिलंत. वित्त मंत्रालयाचा मुद्दा आमच्या कुणाच्याच डोक्यात नव्हता. अजून एक. आमच्यातल्या एका काकांची जन्मतारीख कागदोपत्री चुकली आहे, त्यामुळे त्यांची पेन्शन सुरूच झाली नाही. आणि दोघांना पूर्ण पगारावरची वाढीव पेन्शन हवी आहे. हेही याच अर्जात घ्यावं का?

निवृत्त_कक्षाधिकारी
नाही, दोन्ही वेगळं काढा. ज्यावर कायद्यात किंवा नियमात दाद मागायची सोय आहे, असा विषय याचिकेत चालत नाही. जन्मतारखेसाठी भविष्य निधीच्या तक्रार पोर्टलवर नोंद करा. शिवाय दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात 'निधी आपके निकट'चं शिबिर असतं, तिथे काकांना मूळ कागद घेऊन पाठवा. न्यायप्रविष्ट विषयही चालत नाही. पूर्ण पगारावरच्या पेन्शनबाबत ४ नोव्हेंबर २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे आणि त्यावरून पुढे खटलेही झाले. ते यात मिसळलंत तर अख्खी याचिका अडकण्याची भीती आहे.

यमुनापार
सहमत. आता लिहिण्याबद्दल. राज्यसभेकडे पाठवा असं मी म्हणेन, कारण आधीचा अहवाल त्याच सभागृहाचा आहे. तिथे याचिका महासचिवांकडे थेट पाठवता येते, तरी एखाद्या खासदारांना भेटून त्यांच्यामार्फत दिलीत तर पाठपुरावा सोपा जातो. लोकसभेत खासदाराची प्रतिस्वाक्षरी लागते. तिथे निकषात न बसणारी निवेदनंही याचिका समिती विचारात घेते, तोही मार्ग खुला ठेवा.

मराठीत लिहा, बाबांच्या शब्दांत लिहा, पण सोबत हिंदी किंवा इंग्रजी अनुवाद सही करून द्या. भाषा संयत हवी. पत्रं, शपथपत्रं, कात्रणं जोडता येत नाहीत, म्हणून आकडे मजकुरातच घाला. बाबांचंच उदाहरण चालेल. पेन्शनपात्र पगार गुणिले पेन्शनपात्र सेवा भागिले ७० हे सूत्र. त्या काळी पगाराची मर्यादा ६,५०० होती आणि योजना १६ नोव्हेंबर १९९५ ला सुरू झाली. सोळा वर्षं धरली तर ६,५०० × १६ ÷ ७० = सुमारे १,४८६ रुपये, वर १९९५ आधीच्या सेवेची थोडी रक्कम. महागाईशी जोडणी नाही, त्यामुळे तो आकडा तिथेच गोठतो. ही चार वाक्यं वाचली की कुणाही खासदाराला दुखणं कळेल. देशभरात असे ७८ लाखांहून अधिक पेन्शनर आहेत, हेही लिहा.

शेवटी नेमकी विनंती हवी. मसुदा देतो, हवा तसा बदला :

"तरी सभागृहाने (१) कर्मचारी पेन्शन योजना १९९५ बाबत याचिका समितीच्या २०१३ च्या अहवालातील शिफारशींच्या अंमलबजावणीचा आढावा घ्यावा, (२) श्रम व वित्त या दोन्ही मंत्रालयांची साक्ष घ्यावी, (३) किमान पेन्शन वाढवून ती महागाईशी जोडण्याबाबत सरकारला शिफारस करावी, अशी आमची नम्र विनंती आहे."

वैनगंगा
दुसरा मुद्दा वाचून बरं वाटलं. आमच्या तालुक्यातूनही हीच याचिका वेगळी पाठवतो. अहवालाची प्रत हवी असेल तर ताई, मला निरोप करा, स्कॅन करून देतो.

कृष्णाकाठ
नक्की करते, काका. बाबांना सगळं वाचून दाखवलं. रविवारी सूतगिरणीच्या मंडळींनाही बोलावलंय, तेव्हाच सह्या सुरू करू.

निवृत्त_कक्षाधिकारी
थांबा, सह्यांआधी हे वाचा. प्रत्येकाचं पूर्ण नाव आणि पत्ता हवा. सही येत नसेल तर अंगठा चालतो. निदान एक सही याचिकेचा मजकूर असलेल्या कागदावरच घ्या. बाकीच्या सह्या वेगळ्या पानांवर जाणार असतील तर प्रत्येक पानाच्या माथ्यावर ती तीन कलमी विनंती पुन्हा छापा. कोऱ्या कागदावर सह्या घेऊन मागून जोडू नका. रविवारी जाताना तशी छापील पानं सोबत न्या.